मेणाचा भाव आणि हातांचे मोल

मोटारगाड्यांची निगा राखणाऱ्या नव्या धाटणीच्या दुकानांना हल्ली ‘डिटेलिंग स्टुडिओ’ म्हणतात. पुण्यामुंबईत तर ती आहेतच, पण जिल्ह्याच्या गावीही आता दिसू लागली आहेत. त्यांच्या दर्शनी भिंतीवर बहुधा तीन रकान्यांचे दरपत्रक लावलेले असते: सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम. पहिल्या रकान्यात धुलाई व साधे पॉलिश, दुसऱ्यात त्यावर मेणाचा लेप, आणि तिसऱ्यात तोच लेप ‘प्रीमियम कार्नौबा’ मेणाचा. दुसऱ्या व तिसऱ्या रकान्यांत गाडी तीच, जागा तीच, हात तेच आणि लागणारे तासही जवळजवळ तेवढेच. दर मात्र दुपटीच्याही पुढे जातो.

हा श्रीमंतांचा चोचला आहे, त्याची चर्चा श्रमिकांच्या साप्ताहिकाने कशासाठी करावी, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांच्या मनात येईल. परंतु किंमत म्हणजे वस्तूला चिकटवलेली नुसती चिठ्ठी नव्हे. प्रत्येक किंमत ही उत्पन्नाची वाटणी असते. ग्राहकाने मोजलेल्या रुपयांतून कोणाच्या पदरी किती पडले हे त्या एका आकड्यात झाकलेले असते. चैनीच्या वस्तूंच्या बाबतीत हे झाकण विशेष जाड असते, आणि म्हणूनच ते उचलून पाहणे अगत्याचे आहे. चैन ग्राहकाची असते. ती पुरवणाऱ्याचे श्रम काही चैनीचे नसतात.

मेण काय करते आणि हात काय करतात

प्रथम ही वस्तू समजून घेऊ. कार्नौबा हे ईशान्य ब्राझीलमध्ये वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण. पियाउई, सिआरा आणि रिओ ग्रांदे दो नोर्ते ही त्या झाडाची मुख्य राज्ये. कोरड्या, तापलेल्या हवेत पानातील ओलावा उडून जाऊ नये म्हणून निसर्गाने पानावर हा थर चढवला आहे. नैसर्गिक मेणांत ते अत्यंत कठीण; ते वितळायला ८० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता लागते. याच गुणांमुळे ते औषधी गोळ्यांच्या वेष्टनात, लिपस्टिकमध्ये, फळांच्या चकाकीत आणि मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांतही जाते. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ‘ई ९०३’ असा क्रमांक दिसला तर तो याच मेणाचा समजावा.

परंतु शुद्ध कार्नौबा दगडासारखे टणक आणि ठिसूळ असते. ते तसेच गाडीवर लावता येत नाही. त्यात द्रावके, तेले आणि इतर मऊ मेणे मिसळावी लागतात. म्हणजे डब्यावर ‘शुद्ध कार्नौबा’ असे कितीही ठळक छापलेले असले तरी डब्यातील सर्वच पदार्थ कार्नौबा असणे शक्य नाही. शिवाय लेप पातळच द्यावा लागतो. जाड थर दिल्याने झळाळी वाढत नाही, पुसण्याचे कष्ट मात्र वाढतात. हा लेप काही आठवडे, फार तर काही महिने टिकतो. त्याच दुकानात मिळणारी कृत्रिम रसायनांची लेपने सामान्यतः त्याहून अधिक टिकतात. तेव्हा टिकाऊपणाचा मोबदला म्हणून प्रीमियम मेणाचा दर समजावून सांगता येत नाही.

मग गाडी चमकते कशाने? ज्याने हे काम जवळून पाहिले आहे त्याला उत्तर ठाऊक आहे. गाडी दोन बादल्या घेऊन धुवायची, म्हणजे घाणीचे कण पुन्हा पत्र्यावर जात नाहीत. मग मातीसारख्या मऊ वडीने रंगात रुतलेली धूळ आणि डांबराचे ठिपके हलक्या हाताने काढायचे. मग फिरत्या यंत्राने रंगावरचे बारीक ओरखडे उतरवायचे. हे यंत्र एका जागी क्षणभर जास्त रेंगाळले तर रंगाचा वरचा थर जळतो, आणि नुकसान हजारोंचे होते. एवढे सगळे झाल्यावर शेवटी मेण. झळाळीचा मोठा भाग मेणाच्या आधीच तयार झालेला असतो. पत्र्याच्या कडेला यंत्र किती तिरपे धरायचे, कोणत्या रंगाला किती दाब द्यायचा, हे ज्ञान डब्यात नसते. ते वाकलेल्या पाठीच्या, पाण्यात भिजून पांढऱ्या पडलेल्या बोटांच्या मुलापाशी असते. दरपत्रकावर नाव मात्र मेणाचे असते.

साधा हिशेब

आता वर्गात मांडावा तसा एक कल्पित हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. वाचकांनी आपापल्या गावचे आकडे घालून तो पुन्हा करावा.

समजा, साध्या मेणाचा २०० ग्रॅमचा डबा २,००० रुपयांना व प्रीमियम मेणाचा तेवढाच डबा १२,००० रुपयांना मिळतो. एका गाडीला १५ ग्रॅम मेण लागते. म्हणजे एका गाडीमागे साधे मेण १५० रुपयांचे आणि प्रीमियम मेण ९०० रुपयांचे. फरक ७५० रुपयांचा. कामगाराला महिना १५,००० रुपये मिळतात असे धरू. २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. तासाला सुमारे ७२ रुपये. गाडीला सहा तास लागले तर मजुरी झाली ४३२ रुपये. साध्या मेणाच्या सेवेचा दर ३,००० रुपये आणि प्रीमियम सेवेचा ७,००० रुपये.

ग्राहकाने ४,००० रुपये अधिक मोजले. त्यांतले ७५० रुपये मेणात गेले. उरलेल्या ३,२५० रुपयांपैकी कामगाराच्या वाट्याला एक छदामही आला नाही. साध्या सेवेत त्याचा हिस्सा शेकडा साडेचौदाच्या आसपास होता. प्रीमियम सेवेत तो सहावर घसरला. सेवा जितकी उंची, तितका श्रमाचा वाटा तोकडा! त्याहूनही बोलका आकडा कराचा आहे. या सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. ७,००० रुपयांवर तो १,२६० रुपये होतो. म्हणजे गाडीला हात न लावता सरकारने घेतलेली रक्कम ही सहा तास राबलेल्या कामगाराच्या मजुरीच्या जवळजवळ तिप्पट.

तिसऱ्या रकान्याचे अर्थशास्त्र

हे ३,२५० रुपये येतात तरी कोठून? अर्थशास्त्राला या प्रश्नाचे उत्तर जुन्या काळापासून ठाऊक आहे. द्युप्युई नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८४९ साली रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते. त्या डब्यांना छत नसे, आणि ते नसण्याचे कारण छताचा खर्च हे नव्हते. ज्यांना दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडते त्यांनी चुकूनही तिसऱ्या वर्गात बसू नये, एवढ्यासाठी गरीब प्रवाशाला उन्हापावसात ठेवले जाई. डिटेलिंगच्या दरपत्रकातही हेच तंत्र आहे. पहिला रकाना मुद्दाम कोरडा ठेवायचा, तिसरा मुद्दाम आकाशाला भिडवायचा, आणि गिऱ्हाईक मधल्या रकान्याकडे आपोआप सरकते. ज्याच्या खिशात आणखी पैसे आहेत तो तिसऱ्याकडे जातो. एकाच कामासाठी प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे दर घेण्याला मूल्यभेद म्हणतात. ग्राहकाचे संतोषाधिक्य विक्रेत्याच्या गल्ल्यात आणण्याची ती रीत आहे.

दुसरे कारण व्हेब्लेनने १८९९ मध्ये आपल्या ग्रंथात विशद केले. काही वस्तू महाग असतात म्हणूनच हव्याशा वाटतात. प्लॅटिनम सेवा अर्ध्या किमतीत दिली तर तिचे आकर्षण वाढण्याऐवजी कमी होईल, कारण ग्राहक मेण विकत घेत नाही. आपण शेजाऱ्याहून वरच्या पायरीवर आहोत ही भावना विकत घेतो. अशा मालाची मागणी किमतीला फारशी दाद देत नाही. हा मुद्दा कार्यकर्त्यांनी नीट लक्षात ठेवावा. मजुरी वाढवा म्हटले की मालकवर्गाचे ठरलेले उत्तर येते: दर वाढेल, गिऱ्हाईक तुटेल, धंदा बसेल. भाजीच्या गाडीवर किंवा गिरणीत या उत्तरात काही तथ्य असू शकेल. परंतु जेथे गिऱ्हाईक दर चढा आहे म्हणूनच येते, तेथे हे उत्तर टिकत नाही. ७,००० रुपयांच्या सेवेत कामगाराला आणखी ३०० रुपये दिले म्हणून कोणाचाही प्लॅटिनमचा मोह सुटणार नाही.

मालकाची बाजू

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. वरच्या हिशेबातील उरलेले सर्व रुपये मालकाच्या खिशात जातात असे नाही. जागेचे भाडे, वीज, पाणी, यंत्रे, दिवे, पावसाळ्यातील रिकामे दिवस, बिघडलेल्या कामाची भरपाई, कर्जाचे हप्ते, आणि दुकान एखाद्या कंपनीच्या नावाने चालत असेल तर त्या नावाचे शुल्क, हे सारे त्यांतूनच भागवावे लागते. यांतले अनेक मालक स्वतःच काल-परवापर्यंत कोठल्यातरी वॉशिंग सेंटरवर राबणारे तरुण आहेत. दोन माणसांच्या स्टुडिओचा मालक हा भांडवलदार नव्हे. त्याच्याशी गिरणीमालकाशी भांडावे तसे भांडणे हा आंधळेपणा ठरेल.

परंतु नेमक्या याच लहान मालकाला समाजवादी अर्थशास्त्र काही उपयोगाचे सांगू शकते. डब्याच्या नावावर दर ठरवणारा व्यवसाय डबा विकणाऱ्या कंपनीचा अंकित होतो. उद्या शेजारच्या दुकानाने तोच डबा आणला की त्याचे वेगळेपण संपते, आणि मग दर उतरवण्याची स्पर्धा सुरू होते. तिची झळ शेवटी मजुरीलाच लागते. याउलट दर जर तासांवर आणि कसबावर बेतला, किती तास, कोणत्या दर्जाचा कारागीर, किती टप्पे, हे जर दरपत्रकावर लिहिले, तर मेण ही एक किरकोळ सामग्री उरते आणि कारागीर टिकवून ठेवणे हाच मालकाचा स्वार्थ बनतो. डबा कोणीही विकत आणू शकतो. दहा वर्षे मुरलेला हात एका दिवसात आणता येत नाही.

ताडाच्या मुळाशी

आता डब्याच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. १९३५ साली अमेरिकेतील रसीन गावचा मेण-पॉलिशचा मोठा उत्पादक एच. एफ. जॉन्सन स्वतः एका उभयचर विमानातून ब्राझीलला गेला होता. कार्नौबाचा पुरवठा कायम कसा राहील याचा शोध हा त्या हजारो मैलांच्या प्रवासाचा हेतू होता. भांडवल आपल्या कच्च्या मालाची अशी काळजी घेते. कच्चा माल काढणाऱ्या माणसाची काळजी घेण्याचे काम मात्र कोणाच्याच वाट्याला येत नाही.

पाने तोडण्याचा हंगाम कोरड्या महिन्यांत, वर्षाच्या उत्तरार्धात असतो. लांब काठीच्या टोकाला विळा बांधून उंच झाडावरची काटेरी देठांची पाने तोडायची, भर उन्हात ती गोळा करून वाळत घालायची, आणि वाळल्यावर झोडपून त्यांवरची भुकटी काढायची. ती भुकटी वितळवून, गाळून मेण होते. कोवळ्या, न उमललेल्या पानांचे फिकट मेण सर्वांत महाग. मजूर हंगामी असतात, आणि त्यांना आणतो तो झाडांचा मक्ता घेतलेला कंत्राटदार. ऊसतोडणीचा मुकादम आणि त्याची उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना या व्यवस्थेचे अधिक वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

२०१७ साली जर्मन दूरचित्रवाणीच्या एका वृत्तपटाने तेथील काही मजूर जगापुढे आणले. उघड्यावर झोपणारे, नदीचे न गाळलेले पाणी पिणारे, आणि दिवसाला सुमारे ४० रेआल, म्हणजे तेव्हाचे जवळपास १२ डॉलर मिळवणारे ते लोक होते. युरोपभर प्रसिद्ध असलेल्या मिठाईच्या चकाकीमागे हे मेण होते, म्हणून गवगवा झाला. मोटारींच्या मेणामागे तेच असते तर कदाचित झालाही नसता. ब्राझीलने गुलामगिरी १८८८ साली कायद्याने संपवली. तरीही १९९५ पासून तेथील सरकारी तपासणी पथकांनी वेगवेगळ्या उद्योगांतून गुलामगिरीसदृश अवस्थेतील ६० हजारांहून अधिक माणसांची सुटका केली आहे, आणि कार्नौबाची राने त्या तपासण्यांतून सुटलेली नाहीत. सरकारने अशा मालकांची नावे जाहीर करण्याची प्रथाही पाडली आहे. तेथील निरीक्षकांचे आणि संघटनांचे हे काम आदराने नमूद करण्याजोगे आहे.

प्रीमियमचा अर्थ काय, हा प्रश्न येथे पुरता उघडा पडतो. एकाच पानाच्या मेणाला मार्गात अनेक हात लागतात. त्यांतल्या पहिल्या आणि शेवटच्या, म्हणजे पान तोडणाऱ्या आणि गाडी पुसणाऱ्या हाताला त्या प्रीमियमची वार्ताही नसते.

स्वस्ताईचे दुसरे संकट

यावर कोणी म्हणेल, मग महाग सेवा नकोतच. गाडी स्वस्तात धुवावी म्हणजे झाले. परंतु अतिस्वस्त दर हाही निष्पाप नसतो. ब्रिटनमध्ये रस्त्याकडेच्या हातधुलाई केंद्रांची चौकशी तेथील संसदेच्या पर्यावरणविषयक समितीने केली आणि २०१८ मध्ये अहवाल दिला. किमान वेतन, कर आणि सांडपाण्याचे नियम पाळून जो दर परवडणारच नाही अशा दरात गाडी धुतली जात असेल, तर त्या स्वस्ताईची किंमत स्थलांतरित मजुराने आणि नदीनाल्याने चुकवलेली असते, हे त्या चौकशीतून स्पष्ट झाले. समितीने परवानापद्धतीचा प्रयोग करावा अशी शिफारसही केली. स्वस्त धुलाई कामगाराला लुबाडते आणि महाग मेण त्याला विसरते. दर वर न्या की खाली आणा, वाटणीचा प्रश्न तसाच राहतो.

तो सुटतो संघटनेने. अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरातील गाडीधुलाई कामगारांत, ज्यांत बहुसंख्य लॅटिन अमेरिकेतून आलेले स्थलांतरित, काही वर्षे चिकाटीने संघटनेचे काम झाले. केवळ ग्राहकांच्या बक्षिसीवर राबवून घेण्याचे प्रकार तेथे घडत. २०११ मध्ये सांता मोनिकातील एका केंद्रात पोलाद कामगारांच्या संघटनेच्या आधाराने या व्यवसायातील पहिला करार झाला. असंघटित म्हणून सोडून दिलेला वर्ग संघटित होऊ शकतो याचा तो दाखला आहे.

आपण काय करावे?

महाराष्ट्राला तर हा दाखला परदेशातून आणण्याची गरजही नाही. ज्यांना कायमचा मालक नाही त्या हमालांना न्याय कसा द्यायचा, या प्रश्नाला आपल्या राज्याने १९६९ च्या माथाडी कायद्याने उत्तर दिले. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मालकाने त्रिपक्षीय मंडळाकडे भरायची. मंडळ त्यांतून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार देणार. श्रमाचे संपूर्ण मोल दरातच अंतर्भूत करण्याची ही योजना होती. पुढे १९९६ च्या केंद्रीय कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून कामगार कल्याणाचा निधी उभारला. आणि २०१२ साली डॉ. हकीम यांच्या एकसदस्य समितीने महाराष्ट्रातील रिक्षा-टॅक्सीच्या भाड्याचे सूत्र ठरवले, तेव्हा इंधन आणि दुरुस्तीबरोबर चालकाच्या जगण्याचा खर्चही हिशेबात धरला. दरात माणूस धरता येतो. त्यासाठी इच्छा लागते.

उलट दिशेची पावलेही आपण पाहिली आहेत. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या राज्य कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना नोंदणीतून मोकळे करून केवळ माहिती कळवण्यापुरते बांधून ठेवले. डिटेलिंगची बहुतेक दुकाने याच मर्यादेच्या आतली. म्हणजे जेथे संरक्षणाची गरज अधिक, तेथेच कायद्याची नजर कमी.

या परिस्थितीत तीन गोष्टी ताबडतोब हाती घेता येतील. पहिली, आपल्या शहरातील धुलाई केंद्रे आणि स्टुडिओ यांतील कामगारांची साधी पाहणी: तास किती, मजुरी किती, रसायने हाताळताना हातमोजे आणि मुखपट्टी मिळते काय, ओल्या जमिनीवर विजेची यंत्रे सुरक्षित आहेत काय. दुसरी, प्रत्येक सेवेच्या दरावर शेकडा एक ते दोन एवढी लेव्ही बसवून कामगारांसाठी मंडळ उभारावे ही मागणी. ज्या बिलावर १८ टक्के कर निमूटपणे भरला जातो, त्यावर दोन टक्के जड होतील असे कोणी गांभीर्याने म्हणू शकणार नाही. तिसरी, जेथे पाच-सात कुशल कामगार एकत्र येतील तेथे त्यांची सहकारी संस्था. या धंद्याला अवाढव्य यंत्रसामग्री लागत नाही. भांडवलाचा मोठा भाग कामगाराच्या मनगटातच आहे. सहकाराला याहून अनुकूल क्षेत्र विरळा.

आणि आपल्यापैकी ज्यांच्या दारात गाडी आहे, अशांची संख्या आता चळवळीतही कमी नाही, त्यांनी दरपत्रकापुढे उभे राहून एवढे तरी विचारावे: यांतले कामगाराला किती मिळतात? एकट्याने विचारले तर मालक हसेल. पन्नासांनी विचारले तर तो हिशेब करू लागेल. शंभरांनी विचारले तर दरपत्रकावर चौथा रकाना येईल, आणि त्यात मजुरीचा आकडा लिहिलेला असेल.